वांग्यांनी तोललेली चाकं

आमच्या मामाइतका वजनाचा विचार करणारा माणूस उभ्या बुलढाणा जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. मामा मोताळ्याच्या बाजारात भाजी विकतो, त्यामुळे तोलणं हातातलंच. पण पन्नाशी ओलांडल्यावर त्याने एक जुनी रेसर सायकल घेतली आणि राजूरचा घाट पाय न टेकता चढायचा ध्यास घेतला, तेव्हापासून हे वेड वाढलं. माझ्या कॉलेजच्या दिवसांत एसटी चुकली की तो मला त्याच्या तेव्हाच्या सायकलच्या लोखंडी कॅरिअरवर बसवून याच घाटाने बुलढाण्याला न्यायचा. चढ लागला की स्वतः उतरून सायकल ढकलायचा. मी उतरू लागलो तर म्हणायचा, "बस तू. पुस्तक वाच." आमच्या घरातला पहिला पदवीधर असा चढावर घडला.

"चढावर फिरतं वजन माणसाले मारते," हा मामाचा सिद्धांत. म्हणून आम्ही बुलढाण्याच्या दुकानात हलकी चाकं घ्यायला गेलो, तेव्हा त्याच्यासोबत तराजू आणि पिशवीभर वांगी नि काकड्या होत्या.

"काका, वजन खोक्यावर लिहेल हाय," दुकानदार म्हणाला.

"खोक्यावरचं वजन कंपनीचं. वांग्याचं माझं."

एका बाजूला चाक टांगलं, दुसरीकडे वांगी. सहा वांग्यांचं चाक नापास झालं, पाचाचं पास. टायर मात्र त्याने काकड्यांवर तोलले आणि हट्टाने सगळ्यात बारीक जोडी घेतली. घरी पोहोचायच्या आत बाभळीच्या काट्यांनी तिची चाळणी केली. मग एकेक काकडी जास्त मान्य करून जरा रुंद टायर आले. दुकानदाराने खूश होऊन वरून पितळी घंटी फुकट दिली. जन्मभर गिऱ्हाइकाच्या पिशवीत वरून कोथिंबीर टाकणाऱ्या मामाने ती परत केली. "राहू दे बाप्पा. चढावर तू येशील का ढकलाले?"

दिवाळीला गेलो, तर मामाचा घाट चढून झाला होता. पाय कुठेच टेकला नव्हता, पण सांगताना चेहऱ्यावर म्हणावा तसा आनंद नव्हता. सायकलकडे पाहिलं, तर मागे त्या जुन्या सायकलचंच लोखंडी कॅरिअर घट्ट आवळलेलं.

"मामा, एवढं वजन काऊन?"

"एकटा चढलो त्यात काय हाय बे? तुले घेऊन चढाचं राह्यलं होतं."

मी बसलो. माझी किती वांगी होतात, हा विषय कोणीच काढला नाही. पहिल्याच वळणावर मामा धापा टाकत उतरला. मीही उतरू लागलो.

"बस तू," तो म्हणाला आणि ढकलू लागला.

चाकं मात्र, खोटं कशाला बोलू, फारच हलकी फिरत होती.