वारं लागू नये म्हणून

कोरे सर कुणाच्याही घरी जेवायला गेले की ताटावर बसण्याआधी तेलाचा डबा मागवत. झाकण नाकाशी धरत, डोळे मिटत आणि मग मुकाट्यानं जेवायला बसत, नाहीतर "तेलाला वारं लागलंय" एवढंच म्हणत. त्या घरच्या बाईचं तोंड उतरायचं. परभणीच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत, मी इतिहास. आमच्या घरांची भिंत एकच होती. मी एकटा राहायचो, त्यामुळं सरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या हातची भाकरी आणि सरांची फिकीर, दोन्ही मला रोज आयत्या मिळायच्या.

फिकीर हाच त्यांचा खरा विषय, रसायनशास्त्र त्यानंतर. झरीला लग्नाला जायचं तर आम्ही स्टँडवर पोचायचो तेव्हा तिथं झाडूवालाही आलेला नसायचा. "लवकर गेल्यानं काय बिघडतंय? बस गेली तर बिघडंल," असं त्यांचं शास्त्र. मात्र करडईच्या तेलाविषयी बोलू लागले की हा घाबरट माणूस एकदम खुलायचा. "डबा बंद हाय तवर तेलाला धोका न्हाई. धोका उघडल्यावर. हवा आत शिरली की तेल आतल्या आत बिघडाय लागतंय, अन् आपल्याला कळतंय कधी? नाकाला खवट वास आल्यावर." मी हसायचो. तेलासाठी इतका जीव टाकणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नव्हता.

मग एक दिवस कॉलेजचा जिना चढताना ते मधेच कठड्याला धरून बसले. घामानं सदरा भिजला होता. परभणीच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस, एसटी कधी बंद पडेल याचा भरवसा नव्हता, म्हणून रेल्वेनं निघालो. सर, काकू आणि मी. वाटेत सरांनी पाण्याच्या तांब्याचं झाकण इतक्यांदा तपासलं की शेवटी काकूंनी तो तांब्याच पदराखाली घेतला.

मुंबईचे सर्जन तरुण होते, मराठी होते आणि घाईत नव्हते. हृदय थंड करून थांबवायचं, अडलेल्या रक्ताला नवी वाट करून द्यायची आणि मग हृदय पुन्हा सुरू करायचं, असं त्यांनी समजावलं. मला एकच भीती वाटली: बंद पडलेलं हृदय सुरू झालंच नाही तर? सरांचा प्रश्न मात्र वेगळा होता. "डाक्टर, थांबल्यावर न्हाई, परत रक्त सोडल्यावर काय होतंय?"

सर्जन खुर्चीत सावरून बसले. म्हणाले, "भीती खरी तीच आहे. उपाशी पेशींना एकदम प्राणवायू मिळाला की त्यांना इजा होते. ती कमी व्हावी म्हणून आम्ही आधीपासून ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतो, हृदय थंड करणाऱ्या द्रावातही औषध घालतो. किती उपयोग होतो, ते अजून आम्हालाही नक्की ठाऊक नाही."

बाहेर व्हरांड्यात काकू बसल्या होत्या. सर त्यांच्याशेजारी टेकले आणि आपल्या भाषेत सांगून मोकळे झाले, "थांबवायचं काई न्हाई गं. परत चालू करताना काळजाला वारं लागतंय, त्याची फिकीर हाय."

दुसऱ्या दिवशी काकूंकडं ऑपरेशनच्या संमतीची सही मागितली तेव्हा त्यांनी दोन्ही हात पदरात लपवले. "आमाला घरी जायचंय," म्हणाल्या. सिस्टरनं समजावलं, मी समजावलं. शेवटी मी त्यांना बाजूला नेलं, तेव्हा हुंदका फुटला. "भाऊ, पोखर्णीला आमचे थोरले दीर अंगावरून वारं जाऊन पडलेत. तोंडातला घास बी गिळता येत न्हाई. ह्येंचं तसं व्हायचं असंल तर नको मला आपरेशन. हाय तितके दिस हातपाय हलवत राहू द्या."

तेलाला लागतं ते वारं आणि माणसाला लुळं पाडतं ते वारं, शब्द एकच. त्या एका शब्दापायी सरांचा जीव टांगणीला लागला होता. मी सरांना हाक मारली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "शांता, तूप कढवताना तू विड्याचं पान कशाला टाकतीस?"

"खवट होऊ नाई म्हणून."

"तसंच हाय ह्ये. ते पान वारं आपल्या अंगावर घेतंय, तुपाला लागू देत न्हाई. डाक्टर माझ्या काळजात तसलंच पान टाकणार हायेत. हातापायाचं वारं निराळं."

काकूंनी डोळे पुसले. एवढ्यावर थांबायचं, तर सर पुढं म्हणालेच, "आता पान टाकलं तरी तूप टिकंलच असं कुणी सांगावं?" मी त्यांना कोपरानं ढोसलं. काकूंनी सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाकावर बसून होतो. "थांबवलं असंल का आता?" काकू विचारत. जरा वेळानं, "चालू केलं असंल का?" अखेर सर्जन बाहेर आले. सुरू झालं, नीट चाललंय, म्हणाले. काकूंनी हात जोडले आणि विचारलं, "पान टाकलं हुतं ना?"

सर्जनांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "औषधाचं विचारतायत." ते थकलेले होते, तरी हसले. "टाकलं होतं, मावशी."

सर शुद्धीवर आले तेव्हा तोंडात नळी होती. काकूंनी विचारपूस केलीच नाही. "उजवा हात उचला," म्हणाल्या. मग डावा. मग पाय. सिस्टर रागावली, पण सरांनी सगळं नीट हलवून दाखवलं. काकू तिथंच फरशीवर बसून रडल्या आणि मलाही आवरेना.

त्यानंतर सर बरीच वर्षं जगले. त्या औषधानं वाचलात, असं कुणी म्हटलं की म्हणत, "एक डबा टिकला म्हणून पानाचा गुण ठरत न्हाई." मात्र घरात लोणी कढायला ठेवलं की पानपट्टीवर स्वतः जाऊन पान निवडून आणत. एका हिवाळ्यात ते झोपेतच गेले. झाकण न तपासता, कुणाला फिकीर न लावता.

काही दिवसांनी मी काकूंकडं गेलो, तर घरभर कढत्या लोण्याचा वास होता. मी तसाच माघारी वळलो, पानपट्टीवरून पान घेऊन आलो आणि त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी पातेलं खाली उतरवलं.

"राहू द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता टिकवायचं कुणासाठी?"

पान माझ्या हातातच राहिलं.