श्रावणातली पाहणी

बिराजी आबा रान दाखवायला घेऊन जायचे आणि तिथं पोचताच पालथे पडायचे. गाल मातीला लावून, एक डोळा मिटून. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा भोवळ येऊन पडला. मी धावत पाण्याची सुरई आणली. ते पडल्यापडल्याच म्हणाले, "पानी तुमीच प्या सायेब. रानाचा उतार उभ्यानं दिसत न्हाई. उभ्यानं आपलीच उंची दिसती."

पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. गावोगावची रानं पाहून कुठली जमीन नांगराखाली द्यायची आणि कुठली राखायची, हे सुचवण्याचं काम आमच्या कचेरीकडे होतं. मी नवा पाहणीदार. इस्त्रीचा सदरा, सासुरवाडीचे पिवळे बूट आणि बगलेत छापील तक्ता. त्यात चार रकाने: काळी, बरड, गायरान, पडीक. परमेश्वरानं पृथ्वी याच चार रकान्यांत निर्माण केली, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

चारठाण्याच्या पलीकडच्या एका गावात बिराजी आबा माझे वाटाडे झाले. जातीनं धनगर, साठी उलटलेले, शंभरेक मेंढरं राखून. वैशाख होता. गावामागच्या माळावर गवताची काडी नव्हती, नुसता मुरूम तापला होता. मी पेन उघडलं, तसं आबांनी विचारलं,

"काय लिवायलाव?"

"पडीक."

"आसं नगा करू. वैशाखात माळाची पारख करू नये. आमच्या मेंढरांचं पावसाळ्याचं घर हाय हे. खाली काळीत चिखल झाला की खूर सडत्यात. हितं पानी ठरत न्हाई. ह्यो माळ गेला तर माजा कळप गेला बघा. सरावनात एकडाव या, अन् मंग काय लिवायचं ते लिवा."

"येतो," मी म्हणालो. उपकार म्हणून नव्हे. पावसाळ्यात दुसरी पाहणी करायची, असा नियमच होता.

श्रावणात मी निघालो, हे खोटं नाही. मोटारीतून फाट्यावर उतरलो आणि गावाच्या वाटेनं दहा पावलं चाललो. अकराव्या पावलाला बूट चिखलात राहिला आणि पाय तेवढा वर आला. बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून मी तो बूट उपसला, आणि परतीची मोटार धरली. परभणीला टेबलाशी बसून तक्ता भरला: 'समक्ष पाहिले. पडीक. नांगरटीस योग्य.' अक्षर तेव्हा माझं फार वळणदार होतं. वरिष्ठांनी तारीफ केली.

माळ वाटला गेला, नांगरला गेला. दोन पावसाळ्यांत वरची बोटभर माती ओढ्याला लागली आणि वीतभर वाढून ज्वारी पिवळी पडली. म्हणजे ज्यांना मिळाला त्यांच्याही कामाचा राहिला नाही. नवीन गावांच्या पाहणीत मी गुंतलो होतो, बढतीही मिळाली होती.

आबा गेल्याचं मागल्या महिन्यात कळलं. म्हणून पुढचं लिहितो. ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

काही वर्षांनी पूर्णा स्टेशनात गाडीची वाट बघत होतो. रुळांशी खडी टाकणाऱ्यांतून एक म्हातारा घमेलं ठेवून माझ्याकडे आला. आबाच.

"मेंढरं?" मी विचारलं.

"निम्मी खुरानं गेली, निम्मी इकली," ते म्हणाले. मग जरा घुटमळून, "एक इचारू का सायेब? राग नगा धरू. सरावनात आला होता का तुमी?"

खरं बोलायला एवढी मोकळी जागा मला आयुष्यात परत मिळाली नाही.

"आलो होतो की," मी म्हणालो. "तुम्हीच दिसला नाहीत."

आबांचा चेहरा पडला. "मंग माजीच चूक. म्हैनाभर माळावर बसून होतो तुमची वाट बघत. नेमका त्याच टायमाला पानी प्यायला उतरलो आसंल." त्यांनी खडीनं पांढरे झालेले हात जोडले. "माफी करा सायेब. तुमचा हेलपाटा झाला."

"असू द्या, आबा," मी म्हणालो. तेही मोठ्या मनानं.