काळजी करायची वेळ: पाच ते साडेपाच

तिसऱ्या केमोनंतर मी बोलणंच टाकलं. गाठ छातीतली काढली होती, पण भीती पोटात बसली होती. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं ठेवायचा आणि म्हणायचा, "पॉझिटिव्ह राहा हं." तो गेला की मी भिंतीकडे तोंड करून पडायची. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली मी, मला कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात.

शेवटी डॉक्टरांनीच समुपदेशक बाईंकडे पाठवलं. सोबत आमचे हे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त.

"झोप लागते का?" बाईंनी मला विचारलं.

"मस्त लागते," हे म्हणाले.

"रडू येतं?"

"छे! खंबीर आहे ती."

बाईंनी ह्यांना गोड बोलून बाहेर बसवलं. दार लागलं आणि मला असा हुंदका फुटला की बाईंच्या टेबलावरचा टिश्यूचा खोका अर्धा झाला. त्या म्हणाल्या, "यात तुमचं काही चुकलेलं नाही. आणि यावर उपाय आहे." मानसोपचारवाल्या डॉक्टरांची गोळी सुरू झाली, शिवाय गृहपाठ मिळाला. रोज पाच ते साडेपाच मनसोक्त काळजी करायची. एरवी आली, तर वहीत लिहून पाचपर्यंत थांबवायची.

ह्यांनी तो सरकारी आदेशच मानला. पाचला गजर, गॅलरीत खुर्ची. शेजारीण आली तर दारातूनच म्हणाले, "ती काळजी करतेय. साडेपाचनंतर या."

उजनीकाठच्या गावाहून नणंद केळी घेऊन आली. दुपारी तिच्यासमोर माझे डोळे भरले, तर हे म्हणाले, "अगं, आत्ताशी तीन वाजलेत!"

नणंद उसळलीच. "दादा, येड लागलंय का तुला? रडायला बी टायम हाय व्हय?"

मला हसू फुटलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा.

आणि खुर्चीत बसलं की काळजी हुकमी येईचना. वहीतल्या पाचव्या ओळीलाच जांभई यायची.

एका संध्याकाळी हे दुसरी खुर्ची घेऊन आले. "जरा सरक की. मलापण बसायचंय."

"तुम्हाला कसली काळजी, अहो?"

त्यांनी माझी वही चाळली आणि मिटून ठेवली. मग म्हणाले, "तू नसलीस तर मी भांडू कुणाशी?" आणि नाक शिंकरत रडायला लागले. साडेपाच झाले, सहा वाजले. मी काही त्यांना उठवलं नाही.

उपचार संपले. गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी केली. तपासणीआधीचा आठवडा मात्र अजून जड जातो. तेव्हा मी ह्यांना स्पष्ट सांगते, "मला भीती वाटतेय." तेही म्हणतात, "मलाही." मग चहा टाकतो.