केदारनाथाच्या वाटेवर किसनाला ऊन लागलं नव्हतं

अमडापूरच्या भजनी मंडळींनो,

हे कार्ड पारावर सगळ्यांना वाचून दाखवा. पण त्याआधी किसनाच्या बायकोला घरी जाऊन सांगा.

देऊळ दोन कोसांवर राहिलं आणि आज दुपारी किसना वाटेतच बसला. खामगावात कापसाच्या गठाणी पाठीवर वाहणारा माणूस. डोकं फुटतंय म्हणाला, मग ओकला, मग उभं राहता येईना. त्याची सत्तरीची माय मात्र काठी टेकत पुढे चालली होती.

आपल्याला एकच दुखणं ठाऊक. "ऊन लागलं," मी म्हणालो. बर्फाशेजारी बसून त्याच्या डोक्यावर ओला पंचा ठेवला, कांदा फोडून नाकाशी धरला. किसना थंडीने लटलट कापायला लागला.

पहाडी डोलीवाला माझ्यावर खेकसला. इथली हवा विरळ आहे, पैलवानालाही सोसत नाही. औषध एकच, लगेच खाली उतरवा.

"मले नेऊ नका," किसना म्हणाला. "मायचं दर्शन राहून जाईन."

माय मागे फिरली. "माह्या नवसापायी आला तू. चाल बापा, खाली."

आता संध्याकाळ झाली आहे. किसनाला डोलीत घालून आम्ही खालच्या धर्मशाळेपर्यंत आणलं आहे. किसनाची छाती घरघरते आहे, तो मला ओळखत नाही. डोलीवाले अंधारात निघायला तयार नाहीत. माय सारखी विचारते, "अजून किती खाली न्या लागते?"

पंचा भिजवण्यात अर्धा तास मीच घालवला. तुम्ही काय केलं असतं? जरूर कळवा. तुमचं उत्तर येईल तोवर किसनाचं काय ते होऊन गेलेलं असेल.