कराच्या बाजूचा माणूस

“एक मिनट, माह्यं पुरं आयकून घ्या,” असं म्हणत तो खुर्चीवरून उठायचा आणि शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायचा. आमच्या टेम्पो युनियनच्या सभेत त्याचं पुरं कधी कोणी ऐकलं नाही. मी सेक्रेटरी. सभेचं इतिवृत्त मीच लिहायचो, आणि तो बोलायला लागला की पेन खाली ठेवायचो.

कामठीच्या यंत्रमागांवरचं कापड तो नागपुरात आणायचा. टेम्पो जुना, पण ताडपत्री धड. भर पावसातही त्याच्या गाडीतला गठ्ठा कधी भिजला नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, चौकात पोलीस नसला तरी लाल दिव्याला थांबणारा. आम्ही त्याला हसायचो, आणि महागाचा माल त्याच्याच गाडीत द्या असं व्यापाऱ्यांना सांगायचो.

मग शहराच्या हद्दीतल्या पेट्रोल-डिझेलवर जादा कर लावायचा महापालिकेचा प्रस्ताव आला. पैसा रस्त्यांना लावू, असं सांगत होते. आमचं म्हणणं सरळ होतं. हद्दीबाहेर डिझेल स्वस्त मिळणार, तिकडच्या गाड्या भाडं पाडणार आणि आपला धंदा बसणार. सभेत सगळ्यांचे हात विरोधात वर गेले. त्याचा गेला नाही.

“काहून गा?” अध्यक्षांनी विचारलं.

“रस्ता तं पाहिजे ना आपल्याले. मंग पैसे कोणाले तरी द्याच लागन. मी देतो.”

मागून कोणीतरी म्हणालं, “बायकोच्या कमरेसाठी सगळ्यायले कर भरायले लावतं का?”

आमच्या स्टँडसमोरच्या खड्ड्यात त्याची स्कूटर आदळली होती. मागे बसलेली बायको पडली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती काठी घेऊन चालायची. सभेत त्याने हे कधी काढलं नव्हतं. लोक हसले. मीही हसलो. तो खाली बसला.

हरकती ऐकायला अधिकारी बसले, तेव्हा मात्र तो उभा राहून बोलला. “कर लावा. पण पैसा रस्त्यालेच लागला पाहिजे, अन् हिशेब चौकात लावा. हे होत नसन तं माहा विरोध लिहा.” दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, टेम्पोवाल्यांचा कराला पाठिंबा. त्याचं पुढचं बोलणं कुठेच नव्हतं.

युनियनने त्याला स्टँडवरच्या नंबरातून, म्हणजे माल भरायच्या पाळीतून, काढलं. पत्र मी लिहिलं. त्याने ते उभ्याउभ्याच वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. “सेक्रेटरीसायेब, अक्षर चांगलं आहे तुमचं,” म्हणाला. त्याला टोमणे मारता येत नसत.

कर लागला. आम्ही भाडं वाढवलं, करापेक्षा थोडं जास्तच. व्यापाऱ्यांनी कुरकुर केली आणि दिलं. आमच्यातल्या एकाचाही धंदा बसला नाही. नंबर नाही म्हणून माल मिळेना, तो फक्त त्याला. वर्षाच्या आत टेम्पो विकून तो बायकोसह मौद्याला मुलीकडे राहायला गेला. कराच्या पैशातून चौकात रंगीत दिव्यांचं कारंजं झालं. खड्डा होता तिथेच आहे.

गेल्या हिवाळ्यात माल घेऊन मी मौद्याला गेलो होतो. बसथांब्यावर ती दोघं दिसली. तो वाळला होता. मी गाडी थांबवून उतरलो. त्याने माझ्या घरच्यांची चौकशी केली, मग विचारलं, “आपल्या स्टँडसमोरचा रस्ता झाला काय?”

मला नाही म्हणवेना. “होऊन राहिला,” मी म्हणालो.

त्याची बायको माझ्याकडे बघत होती. “मागच्याच आठवड्यात तं तिथून दवाखान्यात गेलो आपण,” ती त्याला म्हणाली.

 तिच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेत तो म्हणाला, “आपण गेलो तवा काम सुरू झालं नसन वं.”