आत्याच्या वाकड्या तुकड्याचे क्षेत्रफळ

चारही बाजूंची लांबी ठाऊक असली, म्हणजे वाकड्या जमिनीचे क्षेत्रफळ ठाऊक होते का? सत्तरच्या दशकात कामठीच्या पलीकडे आमच्या घरच्या शेताची वाटणी झाली, तेव्हा हा प्रश्न मला सोडवावा लागला. आजही तो आठवला की संताप येतो.

वाटणी काका आणि आत्या या भावाबहिणीत होती. मोजणीला गावातले एक वजनदार गृहस्थ आपली मापाची दोरी घेऊन आले होते. त्यांची रीत अशी : समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. काकांचा तुकडा काटकोनी, तेरा दोऱ्या लांब आणि सहा रुंद; म्हणजे अठ्ठ्याहत्तर चौरस दोऱ्या. हे बरोबरच होते. आत्याच्या तुकड्याच्या बाजू ओळीने अकरा, दहा, दहा, पाच. साडेदहा गुणिले साडेसात, पावणेएकोणऐंशी.

"काहून रुसून राहिली वं?" काका आत्याला म्हणाले. "तुलेच तर पाऊण जास्त देऊन राहिलो!"

मंडळी हसली. मी तेव्हा नागपुरात मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. मी म्हटले, चारही कोन काटकोन असतील तरच ही रीत खरी. एरवी उत्तर नेहमी जास्तच येते.

"ते तुमच्या शाळेत, बाई," गृहस्थ म्हणाले. "इकडे सारेच असे मोजतात."

सारेच! म्हणजे वाकडा तुकडा ज्याच्या पदरी पडला, तो प्रत्येक जण नागवला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सह्या व्हायच्या होत्या. सकाळीच आत्याला घेऊन मी शेतात गेले. दक्षिणेचा बांध आडवा अक्ष धरला, पश्चिमेचा कोपरा शून्य. तीन, चार आणि पाच भागांवर गाठी मारलेल्या दोरीने काटकोन साधले आणि कोपरे आलेखाच्या कागदावर मांडले : (०,०), (११,०), (११,१०), (३,४). चौथ्या कोपऱ्यातून खाली लंब टाकला. डावीकडे त्रिकोण, तीन गुणिले चार भागिले दोन, सहा. उजवीकडे आठ रुंदीचा समलंब; त्याच्या उंच्या चार आणि दहा, सरासरी सात, म्हणून छप्पन्न. एकूण बासष्ट.

सह्यांच्या वेळी काकांनी कागद उलटसुलट पाहिला. "पोरी, हे भरतकाम आहे का वं?"

आत्या आजवर त्यांच्यापुढे बोलली नव्हती. ती म्हणाली, "दादा, तुझंच माप खरं धरू. मग माझा तुकडा तू घे गा, तुझा मले दे. पाऊण जास्तच मिळून राहिलं तुले."

काकांनी कागद माझ्या हाती परत दिला. गृहस्थ दोरी गुंडाळू लागले.

चूक मी समजू शकते. वह्या तपासण्यात माझे आयुष्य गेले. पण चूक कोणाच्या बाजूने झुकते हे ठाऊक असूनही हसत बसणे, ही चूक नव्हे. काका अदलाबदलीला तयार झाले नाहीत, यातच त्यांचे उत्तर आले. बांध सरकला आणि दोघांना सत्तर-सत्तर आले. गृहस्थ मात्र तीच दोरी आणि तीच रीत घेऊन पुढच्या शेताकडे गेले.

वाचकांनी माझ्या शब्दावर विसंबू नये. चौकटींच्या कागदावर हे चार बिंदू मांडा, बाजू मोजा, आतल्या चौकटी मोजा, आणि कृपया स्वतः पडताळून पाहा.