त्या वर्षीचं गाऱ्हाणं

नवरा पवईच्या ऑफिसातल्या एका बाईच्या मोहात पडला होता, हे मला नवऱ्यानेच सांगितलं. रविवारी सकाळी, मी कोळंबी सोलत असताना. "काही झालं नाही गं. दोन-चार वेळा तलावावर जाऊन बसलो, बास. मग मीच थांबलो. तुझा विचार आला ना." आणि पास झालेलं पोर बघतं तसा माझ्याकडे बघत राहिला. त्याला शाबासकी हवी होती!

मन घसरतं, मला कळतं. मीही माणूसच आहे. पण मोह ह्याने चाखला, मोह सोडल्याचं पुण्यही ह्यानेच घेतलं, आणि उरलेला चोथा माझ्या पदरात टाकून दुपारी घोरत पडला. त्याचं मन हलकं झालं. मी मात्र त्याच्या शर्टांना इस्त्री करताना तलावावर ह्यातला कुठला घातला असेल, हेच शोधत बसायचे. वर "आईला सांगू नकोस हां," म्हणून बजावलं. नाही सांगणार, म्हटलं. मनात म्हटलं, थांब, तुला दाखवतेच.

गणपती आले. सासर मालवणकडचं, पण गावी जाणं जमत नाही म्हणून आमचा गणपती बोरीवलीच्या फ्लॅटमध्येच बसतो. आरतीनंतर घरातला मोठा माणूस गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मोठ्याने मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हटलं की देवासमोर कबूल केलं. सासऱ्यांनी हा मान केव्हाच थोरल्या दिरांकडे सोपवलाय. मी त्यांना आधीच गाठलं.

"भावोजी, यंदा एक मागणं माझं घाला. घरातल्या कोणाचा पाय वाकडा पडत असेल तर देवाने बघून घ्यावं."

"कोणाचो गो?"

"देवाला माहीत आहे."

दिरांना तेवढं पुरलं. पोरांच्या परीक्षा, म्हाताऱ्यांची तब्येत सगळं झालं आणि त्यांनी आवाज चढवला, "ह्या घरातल्या कोणाचो पाय वाकडो पडत असात, तर तो थंयच मोडून तेका घराकडे आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं घर ओरडलं. नवऱ्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मानेपर्यंत लाल झाला. काय सांगू किती बरं वाटलं! इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला धड भूक लागली.

पण गाऱ्हाण्याचा शेवट ठरलेला असतो. रागाच्या भरात मी तोच विसरले होते. "काय चुकला-माकला असात, ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी नवऱ्याचा आवाज सगळ्यांच्या वर. हात जोडलेले, डोळ्यांत पाणी, आणि नजर माझ्यावर. मीही म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. मी ओठ घट्ट मिटले.

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं, मग मुलाचं. स्वयंपाकघरात मोदकांचं पातेलं उतरवताना हळूच म्हणाल्या, "हेच्या बापाशीच्या येळाक मीय गप रवलंय."

बाहेर सासरे मोदकांसाठी हाका मारत होते. सासूबाईंनी त्यांचं ताट वाढलं आणि नेहमीसारखं माझ्या हातात दिलं. लग्न होऊन आल्यापासून बघतेय, त्या ते ताट स्वतः कधीच नेत नाहीत. गुडघे दुखत असतील, असं मला वाटायचं.